मे महिन्यातली गोधडी

धुळ्याच्या मे महिन्यात, पंख्याची हवाही पोळत असताना, मेडिसिन वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई गळ्यापर्यंत गोधडी ओढून पडली होती. शिंदखेडा तालुक्यातली, वय ३८; केसपेपरवर 'उलट्या, ग्लानी, सोडियम ११८' एवढेच लिहिलेले, म्हणजे रक्तातले सोडियम फारच कमी. मी अंतःस्रावशास्त्र, म्हणजे हार्मोन्सचे शास्त्र, शिकवते. राऊंडला सोबत असलेल्या निवासी डॉक्टरांनी ऊन लागल्याचे निदान जवळजवळ पक्के केले होते, पण मला ती गोधडी स्वस्थ बसू देईना. तिचा हात हातात घेतला, तर कातडी थंड, कोरडी आणि पिठासारखी पांढुरकी. काखेत एकही केस नाही.

नातेवाइकांच्या पिशवीत पंधरा दिवसांपूर्वीचा थायरॉईडचा रिपोर्ट सापडला. टी-फोर, म्हणजे थायरॉईडचे हार्मोन, बरेच कमी; पण थायरॉईडला चालना देणारे टीएसएच २.१, म्हणजे अगदी नॉर्मल. बिघाड थायरॉईडमध्येच असता, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीने टीएसएच वाढवून तिला डिवचले असते. इथे डिवचणारीच गप्प होती. तरीही कोणीतरी तो कमी आकडा पाहून थायरॉक्सिन (टी-फोरचीच गोळी) सुरू केले होते, आणि तेव्हापासून तिने अंथरूण धरले होते.

"ताई, शेवटच्या बाळंतपणात दूध आलं होतं का?" मी विचारले.

उत्तर सासूबाईंनी दिले. "दूध उनंच नही, मॅडम. रंगत भू गयं व्हतं." रंगत म्हणजे रक्त; ते खूप गेले होते.

बाळंतपण घरीच झालेले, वार अडकलेली, जीप मिळेपर्यंत शुद्ध हरपलेली. त्यानंतरच्या ११ वर्षांत पाळी एकदाही आली नाही आणि ती लवकर गेली असे समजून घरच्यांनी विषय सोडून दिला होता. गरोदरपणी पीयूषिका ग्रंथी मोठी होते, पण तिच्या पुढच्या भागाला रक्त कमी दाबानेच मिळते; मोठा रक्तस्राव झाला की तो भाग मरतो, हे ब्रिटिश डॉक्टर शीहान यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले. मग थायरॉईडप्रमाणेच कॉर्टिसॉल या जगण्यासाठी आवश्यक हार्मोनलाही चालना मिळत नाही. अशा रुग्णाला कॉर्टिसॉल न देता थायरॉक्सिन दिले, तर शरीरात उरलेसुरले कॉर्टिसॉलही झपाट्याने संपते.

कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून घेतले, थायरॉक्सिन थांबवले आणि रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातले कॉर्टिसॉल, १०० मिलीग्रॅम शिरेतून दिले. माझी खरी धास्ती त्यापुढची होती. हे औषध मिळताच मूत्रपिंडे अडवून धरलेले पाणी भराभर सोडू लागतात, आणि सोडियम फार वेगाने चढले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून २४ तासांत ते ८ पेक्षा जास्त वाढू द्यायचे नाही असे ठरवून आम्ही रात्रभर दर चार तासांनी रक्त तपासत राहिलो. सकाळी सोडियम १२५ झाले होते, गोधडी पायाशी पडली होती आणि बाई कळण्याची भाकरी मागत होती. दुपारी कॉर्टिसॉलचा रिपोर्ट आला: १.४, म्हणजे फारच कमी.

त्या आठवड्यापासून मी प्रयोगशाळेच्या जुन्या नोंदवह्यांतून कमी टी-फोर आणि नॉर्मल टीएसएच असलेल्या बायकांची नावे काढते आहे. विभागाच्या केसपेपरवर दुधाचा आणि पाळीचा प्रश्नही छापून घेतला.

घरी सोडताना मी तिच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोनची गोळी दुप्पट, उलटी झाली तर लगेच दवाखाना, गोळी कधीही बंद करू नये.' तिला वाचता येत नव्हते. त्याच बाळंतपणातली अकरा वर्षांची मुलगी पुढे आली, कार्ड हातात घेतले आणि आईला एकेक ओळ दोनदा वाचून दाखवली.