वेळेला असावी म्हणून

बर्लिनला भाचीकडे गेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस. ती म्हणाली, "मावशी, तुला आवडेल असं एक म्युझियम आहे. तिथे कपाटं उघडून बघता येतात." दुसऱ्याच्या घरातली कपाटं राजरोस उघडायला मिळणार म्हटल्यावर मी बूट चढवलेच.

श्प्रे नदीच्या काठी, कॅथेड्रलच्या समोर हे डीडीआर म्युझियम आहे, २००६ साली सुरू झालेलं. डीडीआर म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला पूर्व जर्मनी. १९४९ साली जन्मलेला, १९९० साली नकाशावरून पुसला गेलेला. माणसाच्या आयुष्यात चाळिशीला चष्मा लागतो. हा देश चाळिशीतच आटोपला.

आत काँक्रीटचे तयार फलक जोडून बांधलेल्या इमारतीतलं एक अख्खं घर उभं केलंय. फुलाफुलांचा वॉलपेपर, बसकी खुर्ची, इवलंसं स्वयंपाकघर. मी एकेक खण ओढत सुटले. एका खणात घडी घातलेली पिशवी होती. चकचकीत, नायलॉनची, मुठीत मावेल एवढी. भाचीनं शेजारची पाटी वाचली, "डेडेरॉन." नायलॉनच ते, पण नाव घरचं हवं म्हणून डीडीआरला शेपूट लावून डेडेरॉन केलं. बायकांचे कामाचे एप्रन याचेच आणि पिशव्याही याच्याच.

ही पिशवी जो तो खिशात घेऊनच घराबाहेर पडायचा. कुठे काय मिळून जाईल याचा नेम नसायचा. रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग पुढच्याला विचारायचं, काय आलंय? पाव पाच फेनिगला, घरभाडं नगण्य, ती ददात नव्हती. ददात संत्र्या-केळ्यांची, बऱ्या कापडाची, नळाच्या सुट्या भागांची. बरा माल दुकानदार काउंटरखाली ठेवायचा आणि ओळखीचं गिऱ्हाईक आलं की वाकून काढून द्यायचा. अशा मालाला त्यांच्या भाषेत शब्दच होता, 'ब्युकवारं', म्हणजे वाकून काढायचा माल. हे भाचीला समजावून सांगावं लागलं. मला नाही. आमच्या रेशन दुकानात दिवाळीच्या जादा साखरेचं असंच व्हायचं. रांगेतल्यांसाठी "संपली", आणि मागच्या दारानं कुणाच्या तरी डब्यात.

कॉफीचा किस्सा तर नामी आहे. ब्राझीलमध्ये हिमानं कॉफीचे मळे जळले, जगभर भाव चढले आणि १९७७ साली या सरकारनं 'काफे-मिक्स' नावाचं मिश्रण बाजारात आणलं. निम्म्याहून किंचित जास्त कॉफी, बाकी चिकोरी, राय नावाचं धान्य आणि असलंच काहीबाही. लोक भडकले. कशावरही गप्प बसणारी माणसं कॉफीवरून तक्रारअर्ज लिहायला लागली. पुढे या मंडळींनी व्हिएतनाममध्ये कॉफीच्या लागवडीला पैसा आणि यंत्रं पुरवली. झाडं फळाला येईपर्यंत इकडे देशच उरला नाही. व्हिएतनाम मात्र आज कॉफीत जगात दुसरा.

पलीकडे ट्राबांट मोटार. आत बसून चालवल्यासारखं करता येतं, म्हणून पोरांची झुंबड. पत्र्याचा तुटवडा, म्हणून बॉडी कापसाचा चोथा आणि राळ दाबून केलेली. सव्वीस अश्वशक्तीचं इंजिन. टाकीत पेट्रोल किती ते बघायला काडी बुडवायची. नंबर लावल्यावर ती हातात यायला दहा वर्षं, कधी त्याहून जास्त. त्यामुळे जुनी ट्राबांट नव्यापेक्षा महाग जायची! भाची म्हणाली, "हे काय लॉजिक?" बाबांनी स्कूटरचा नंबर लावला तेव्हा मी पाचवीत होते आणि ती दारात आली तेव्हा कॉलेजात. मधल्या काळात किती जणांनी 'ऑन', म्हणजे वरचे पैसे, देऊन स्कूटर घेतली आणि बाबा कसे तत्त्वाला चिकटून राहिले, हे आईनं त्यांना जन्मभर ऐकवलं.

पण हे साम्य एका मर्यादेपर्यंतच. आम्ही रेशनच्या रांगेत उभं राहून सरकारला मोठ्यानं शिव्या देत होतो. इथे शिवी देताना मागे कोण उभं आहे ते बघावं लागे. १९८९ साली श्टाझीचे, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांचे, पगारी नोकरच नव्वद हजारांच्या वर होते, खबरे वेगळे. त्यांनी लिहून ठेवलेल्या फायली एकाला एक लावल्या तर शंभर किलोमीटरच्या पुढे जातात. म्युझियमनं हेही मांडलंय, पण ट्राबांटमधल्या पोरांच्या कल्ल्यात ते जरा हलकं होतं. ज्याला ते पुरं बघायचंय त्यानं होहेनश्योनहाउझेनचा श्टाझीचा तुरुंग बघावा. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. तिथे उघडायला खण नव्हते.

स्वयंपाकघरात परत आले तर एक जर्मन आजी उभ्या होत्या. पर्यटकांनी उघडे टाकलेले खण त्या एकेक करून लावत होत्या. शेवटचा खण अडकला, तर तळवा खाली घालून किंचित उचलला आणि आत ढकलला. बसला बरोबर! या खणाची ही खोड त्यांना घरच्यासारखी माहीत होती. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. भाचीनं सांगितलं, "म्हणतायत, आमचाही असाच अडकायचा."

बाहेर पडताना दुकानातून शेजारणींसाठी फ्रिजवर लावायचे चार ट्राबांट घेतले आणि दोन कप. काउंटरवरच्या मुलीनं काहीतरी विचारलं.

"मावशी, पिशवी हवी का म्हणतेय. पैसे पडतील."

"नको म्हणावं," मी पर्स उघडत म्हटलं, "आहे माझ्याकडे."