लोकांना धोका कळत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पर्यावरणातल्या धोक्यांबद्दल मराठवाड्यातल्या गावांना काय वाटतं, हा माझा अभ्यासाचा विषय. तो कळला की पुढचा प्रश्न ठरलेलाच: ‘दात-हाडं खराब करणारं फ्लोराइडचं पाणी बिनधास्त पितात आणि मोबाइलच्या टॉवरविरुद्ध मात्र ग्रामसभा गाजवतात. लोकांना कळत नाही का हो?’

कळतं. पण धोका केवढा, एवढंच माणूस बघत नाही. तो आणला कुणी, आपल्याला विचारलं होतं का, टाळणं आपल्या हातात आहे का, हेही बघतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ साली एक तक्ता छापला होता. ३० धोक्यांच्या यादीत कॉलेजच्या मुलांनी अणुवीज पहिल्या नंबरवर टाकली, तज्ज्ञांनी विसाव्या. तज्ज्ञ मुख्यतः मृत्यूंचे आकडे धरून चालले होते. इतरांना खुपत होतं ते वेगळंच: न दिसणारं, आपल्या ताब्यात नसलेलं, घडलं तर सगळ्यांना घेऊन जाणारं.

टॉवरचंही तेच. भाडं प्लॉटवाल्याला, आणि शेजाऱ्याला कुणी विचारतसुद्धा नाही. बोअर मात्र घरचा. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवलेली, कर्ज काढून घेतलेला. त्याच्या पाण्याला वाईट कसं म्हणायचं? शिवाय फ्लोराइडला ना रंग, ना वास, ना चव.

२०२२च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज यायला लागले, तेव्हा बाहेरच्यांना गावाची भीती अवास्तव वाटली. पण जिल्हा लातूर. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींखाली इथली माणसं झोपेतच गाडली गेली. ज्यांनी ते पाहिलं, त्यांना आवाज नुसता आवाज कसा वाटेल?

किनवटकडच्या एका आजींना पाण्याची भीती वाटते का, असं विचारलं. ‘न्हाई’ म्हणाल्या. नियमाप्रमाणे ‘धोका वाटत नाही’च्या रकान्यात खूण केली असती की आजी अडाणी ठरल्या. (असे रकाने ही आमच्या धंद्यातली मोठी सोय आहे.) मग विचारलं, घरात कोण कुठलं पाणी पितं?

‘नातवाला जारचं. त्याचे दात अजून चांगले हायेत. आमाला बोअरचं.’

‘म्हणजे ठाऊक आहे तुम्हाला?’

‘ठाव हाय की माय. पर समद्यांला जार कुठून आणावा?’