बाराशे चाळीस म्हणजे फुल्ल नव्हे

2019 ला कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथं 43. प्रयाग चिखलीत आमच्या गल्लीतली माणसं माळ्यावर बसून होती. त्यानंतर भावकीनं मिळून फायबरची छोटी बोट घेतली आणि यंदा तिला 12 व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर आणली. मोटर अर्ध्या तासात बसली. बॅटरीनं मात्र चार दिवस खाल्ले. बॅटरीनं कसलं, दुकानानं.

100 अँपिअर-अवरची डीप-सायकल बॅटरी, म्हणजे बराच वेळ करंट देत राहणारी, अ‍ॅसिडची. नवी म्हणजे भरलेली, असं मलाही वाटायचं. पण गोदामात नुसती पडूनही ती उतरते. उद्यमनगरातल्या दुकानातच मीटर लावला तर 12.2 व्होल्ट, म्हणजे जेमतेम अर्धी. म्हटलं, घरी 10 अँपिअरचा ऑटोमॅटिक चार्जर आहे, मी लावतो. तर म्हणे, "पहिला चार्ज आमच्याकडंच. न्हाईतर वॉरंटी कार्डावर शिक्का न्हाई."

ठेवली. दुसऱ्या दिवशी गेलो तर माझी बॅटरी इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्यांच्या माळेत सातवी, आणि चार्जरचा काटा 4 वर. दिवसात चालू किती? चार तास. म्हणजे 16 अँपिअर-अवर. मला हवे होते 50, वर चार्जिंगमध्ये वाया जातं ते वेगळंच. "उद्या या." तिसऱ्या दिवशी पोऱ्यानं हायड्रोमीटर, म्हणजे अ‍ॅसिडचा दाटपणा मोजायची नळी, बुडवला, तरंगता काटा डोळ्यासमोर धरला आणि ओरडला, "बाराशे चाळीस! न्या!"

माझ्या हातात बॅटरीबरोबर आलेला कागद होता. त्यावर फुल्ल चार्जची ग्रॅव्हिटी, म्हणजे तोच दाटपणा, 1265. मालकाला दाखवला.

"अवो दादा, बाराशे चाळीस म्हंजे फुल्लच. वीस वर्सं ह्येच करतोय. आता काय डोक्यावरनं वतायचं व्हय?"

त्याचं चुकत होतं, पण उगाच नव्हे. आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत अ‍ॅसिड मुद्दाम सौम्य ठेवतात, गरम हवेत प्लेटा टिकाव्यात म्हणून. तिला 1240 ठीक. त्याचा दिवस त्याच बॅटऱ्यांत जातो. माझी मात्र 1240 ला ऐंशी टक्क्यांच्या आसपासच असणार, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी अशी अर्धपोटी ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं. हे मी तिथं उभा राहून दोनदा सांगितलं. गिऱ्हाइकं माझ्याकडंच बघायला लागली. शेवटी शिक्का न घेताच बॅटरी छोट्या हत्तीत टाकली आणि घरी आणली. घेताना तुम्ही आधी कागदावरचा आकडा बघा, मगच दुकानात तोंड उघडा.

घरी सोप्यात ठेवणार होतो. आई म्हणाली, "दिव्याजवळ नको." बरोबरच होतं, शेवटी शेवटी हायड्रोजन सुटतो. मागच्या पडवीत उघड्यावर मांडली. आधी चिमटे, मग स्विच, काढताना उलटं. संध्याकाळी सातला लावली, नऊला लाईट गेली ती तासभर. (कपाळ माझं!) चार्जर 14.6 व्होल्टला पोचला, मग अँपिअर हळूहळू उतरत गेले. रात्री दीडला हिरवा दिवा.

हो, एक राहिलं. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर घाला. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये फुगून अ‍ॅसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, त्या बुडतील एवढंच. चुलतभावानं त्याच्या बॅटरीत आधी भरलं होतं. त्याच्या फरशीवर पांढरा डाग अजून आहे.

चार्जर काढल्या काढल्या मीटर 13 च्या वर दाखवतो. त्याला भुलू नका. सकाळपर्यंत तशीच ठेवली, मग मोजली: 12.6. सहापैकी पाच सेल 1265, एकच 1260.

दुपारी नदीवर मोटर फिरवून आलो. शिक्क्यासाठी परवा पुन्हा उद्यमनगर. मालक बाहेरगावी आहेत म्हणे.