बोलायचं जयगाव, लिहायचं जळगाव

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत गॅदरिंग, सहल आणि छड्या यावर सगळे लिहितीलच, म्हणून मी आपला श्रुतलेखनावर लिहितो.

आपल्याकडे घरी अहिराणी, गल्लीत अहिराणी, ळ चा य आणि ण चा न, त्यामुळे तिसरीत बाईंनी केळी सांगितलं की अर्धा वर्ग "केयी" लिहायचा आणि पाणी तर कायमच "पानी". बाई कधी हसल्या नाहीत. म्हणायच्या, घरी जयगावच म्हणा रे, मायसमोर ळ काढला तर ती म्हणेल पोऱ्या साहेब झाला, पण वहीत जळगाव लिहा. एका पोऱ्याने विचारलं की बहिणाबाईंच्या कवितेत तर "मानूस" छापलंय, मग आमच्याच वहीत लाल गोल का? बाई म्हणाल्या, बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या तोंडून आलं तसं घरच्यांनी उतरवून घेतलं, तुला येतं ना लिहिता? मग लिही.

बाई आमच्यासोबतच वर्ग चढत पाचवीत आल्या आणि तिथे इंग्रजी सुरू झालं (पहिलीपासून इंग्रजी २००० मध्ये आलं, आम्ही त्याच्या आधीचे). नाइफच्या आधी के कशाला, हा प्रश्न आमच्या वर्गात फार टिकला नाही कारण बोलायचं एक आणि लिहायचं एक हे आम्हाला जळगावनेच शिकवलं होतं. बाई म्हणायच्या मनात क-नाइफ म्हणा, वेड-नेस-डे म्हणा, लोकांसमोर नीट बोला. शेजारच्या वर्गात के एन आय एफ ई नाइफ असं सुरात ओरडून चालायचं, ते पाठ व्हायचं पण पेपरात मधलं अक्षर अडलं की पोरं परत पहिल्यापासून गाणं सुरू करायची. आमच्याकडे शब्द बघायचा, पाटी पालथी घालायची, न बघता लिहायचा, मग आपणच ताडून बघायचं आणि चुकलेलं फक्त अक्षर गोल करायचं, अख्खा शब्द नाही. लेफ्टनंटचं "खोटं तू दहा मुंग्या" (लाय-यू-टेन-अँट) मात्र सातवीतल्या पोरांनी शिकवलं, तो शब्द आजवर कुठे लिहावा लागला नाही पण स्पेलिंग अजून पाठ आहे!

आता माझी पोरगी दुसरीत आहे, इंग्लिश मीडियम, दर शुक्रवारी स्पेलिंग टेस्ट. आधी गुरुवारी रात्री घरात रडारड असायची, दहाच्या दहा शब्द एकदम, झोप आलेली, तिची आई वैतागलेली. मग मी बाईंचं काढलं. सोमवारीच अभ्यास न करता एकदा लिहून घ्यायचं, जे आपोआप येतात ते सोडून द्यायचे, उरलेले तीन-चार रोज जेवणाआधी थोडा वेळ, बस. मागच्या महिन्यातला एखादा शब्द मध्येच घुसवतो, कारण टेस्ट झाली की पोरं विसरतात हे बाईंना पक्कं माहीत होतं. पाटी आता मिळत नाही असं नाही, पण तिला व्हाइटबोर्ड आवडतो.

गुरुवारची रडारड बंद झालीये. फ्रेंडमध्ये आय आणि ई ची अदलाबदल मात्र चालूच आहे, शेवटी एंड असतो हे सांगून झालं, कोणाकडे दुसरा काही उपाय असेल तर आपल्या बॅचच्या ग्रुपवर टाका भो.