मंत्रपुष्पांजली तोंडपाठ, पण पाहुणे आठवत नाहीत

मी माँट्रियलला न्यूरोलॉजिस्ट आहे. अवधान आणि स्मृती हा संशोधनाचा विषय. एमबीबीएस, एमडी, डीएम यांतच अकरा-बारा वर्षं गेली, मग फेलोशिपसाठी इथे आलो आणि राहिलो. स्मृतीच्या अभ्यासात या शहराचं नाव फार मोठं आहे ते मेंदू-मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांच्यामुळे. बाईंनी नव्वदी ओलांडली तरी काम सोडलं नव्हतं.

त्यांनी अभ्यासलेला सर्वांत प्रसिद्ध रुग्ण हेन्री मोलेसन. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, सर्जनने बराचसा काढला. झटके कमी झाले, पण नवीन काही लक्षात राहीना. मिल्नरबाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज त्याला वाटे, आपण हे पहिल्यांदाच करतोय! स्मृती एकच नसते, हे तिथे सिद्ध झालं.

यंदा गणपतीला गुहागरला आलो आणि हेच आमच्या ओटीवर पाहिलं. अण्णांनी मंत्रपुष्पांजली एकदाही न अडखळता म्हटली. अर्ध्या तासाने मलाच विचारतात, "कधी आलास रे?" मी सांगितलं. प्रसाद खाऊन झाला आणि पुन्हा तेच. काकू म्हणाली, "वय झालं, चालायचंच."

शेजारच्या वहिनींचीही तक्रार विसरण्याचीच. गॅसवरचं दूध उतू जातं, कोयती आगरात कुठे टाकली ते आठवत नाही. "डॉक्टर, माझंही अण्णांसारखं होणार का हो?" हे विचारताना त्यांचे डोळे भरून आले होते.

दोघांनाही मी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. वहिनींना दोनच आठवले. "एक फळ होतं," म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या, "फणस!" उरलेलेही असेच खुणेने आले. म्हणजे शब्द आत गेले होते, नुसते बाहेर येत नव्हते. शंभरातून सात-सात वजा करताना मात्र त्या तिसऱ्याच पायरीला अडल्या. लक्ष टिकत नव्हतं. सासूबाईंच्या आजारपणात रात्रीची झोप नाही, जेवणाची वेळ नाही. लक्ष कुठून टिकणार? अण्णांना खुणा देऊनही काही आठवेना. मी शब्द सांगितले होते, हेच त्यांना पटत नव्हतं.

एवढ्यावर निदान होत नाही. पण पुढे काय तपासायचं ते कळतं. म्हणूनच तपासायला उशीर होतो, याचं मला फार वाटतं. माँट्रियलला लोक नावं आठवेनाशी झाली की स्वतःहून येतात. आपल्याकडे माणूस घरची वाट चुकला की मग आणतात. मधली वर्षं "वय झालं" म्हणण्यात जातात. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, कमी ऐकू येणं, यांनीही विसरायला होतं आणि यांवर उपाय आहेत. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, असला तरी औषधं, व्यवहार, घरातली सोय वेळेत बघता येते.

वहिनींचं बी-१२ बरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली आहेत. अण्णांना काकू पुढच्या आठवड्यात एमआरआयसाठी रत्नागिरीला घेऊन जातेय. कानही तपासून घे, असं तिला कालच फोनवर सांगितलं.