धोम-कण्हेरवर गळ टाकताना: वर्षभराचा माझा अनुभव

गळाची तयारी मी वैशाखात सुरू करतो, आणि तेव्हा हातात काठी नसते, वही असते. मे अखेरीला धोम आणि कण्हेर या सातारा जिल्ह्यातल्या दोन्ही धरणांचं पाणी खूप आत गेलेलं असतं. चार महिन्यांनी जिथं पंधरा-वीस फूट पाणी उभं राहणार, ती जमीन तेव्हा पायांनी चालून बघता येते. बुडालेल्या शेतांचे बांध, ताली, ओढ्याचं जुनं पात्र, बाभळीचे बुंधे, पडक्या दगडी भिंती. काठावरच्या एखाद्या कायमच्या खुणेपासून हे सगळं किती पावलांवर आणि कोणत्या रेषेत आहे, ते मी लिहून ठेवतो. ‘मोठ्या आंब्यापासून समोरच्या खिंडीच्या रोखानं ६० पावलं, ताल, पुढं चार फूट उतार.’ एवढी नोंद पुरते. मासा अशा कडांना धरून फिरतो, आणि दोरीला वजनासाठी लावलेलं शिसंही अशाच कडेला अडकतं. जागा माहीत असली की कडेच्या दोन हात अलीकडं टाकता येतं.

एक गोष्ट आधी. धरणातली मासेमारी ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते आणि पाण्यात बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, त्यांनीच सोडलेली असते. संस्थेला विचारून, असेल ती फी भरूनच बसावं. कोयना अभयारण्यातल्या आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानातल्या पाण्यावर गळ न्यायचाच नाही. घाटावरच्या, देवळाच्या डोहातल्या माशांनाही हात लावू नये.

मृग निघाला, ओढे वाहू लागले की चढणीचे मासे सुरू होतात. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून ते ओढ्याच्या तोंडाशी गोळा होतात आणि तिथं अगदी सहज सापडतात. दोन किलोच्या रोहूच्या पोटात लाखांनी अंडी असतात. मी आर्द्रा-पुनर्वसूत ओढ्याच्या तोंडाशी काठी लावत नाही, आणि कुणी लावू नये असं मनापासून वाटतं.

आश्लेषा-मघांत धरण भरत येतं. रोज वर चढणारं पाणी ताज्या गवतावर येतं, जमिनीतले किडे-गांडुळं बाहेर पडतात आणि मासा अगदी काठाला, तीन-चार फूट पाण्यात चरतो. इथं बहुतेकांची चूक एकच होते: जोर लावून लांब फेकतात आणि मासा पाठीमागं राहतो. या दिवसांत बारीक गळ, एक गांडूळ, हलका तरंगा आणि दहा पावलांच्या आतली फेक. पाणी गढूळ असताना पेंड वाया जाते, गांडूळ चालतं.

खरा हंगाम हस्त संपल्यावर. पाणी निवळतं, पातळी थांबते, ऑक्टोबरच्या उन्हानं मासा खायला सुटतो. पेंडीचं काम आता.

घाण्यावरची ताजी शेंगदाणा पेंड अर्धा किलो घ्यावी. जुनी, खवट वास येणारी किंवा काळी बुरशी धरलेली नको, मासा तिच्याकडं फिरकत नाही. पेंड कुटून, जेमतेम भिजेल एवढ्या पाण्यात तासभर ठेवावी. मग दीडशे ग्रॅम कणीक, मूठभर भाताचा कोंडा, भाजून कुटलेली बडीशेप आणि मेथी एकेक चमचा. मळून ओल्या फडक्यात अर्धा तास झाकावं. काठावर गेल्यावर लिंबाएवढा गोळा पाण्याच्या तांब्यात टाकून बघावा. दहा मिनिटांत बाहेरून पापुद्रे सुटू लागले पाहिजेत, अर्ध्या तासात सगळा विरघळला पाहिजे. तासभर तसाच राहिला तर कणीक जास्त झाली, कोंडा वाढवा. फेकतानाच हवेत फुटला तर चिकटपणा कमी आहे, थोडी कणीक घाला. नुसत्या कणकेचा गोळा लावायचा असेल तर मळताना चिमूटभर कापूस पिंजून घालावा, म्हणजे चिलापीनं (तिलापिया माशानं) टोचलं तरी तो गळावर टिकतो.

रोहू आणि कटला गोळा चावत नाहीत, सुटलेला चुरा ओढून घेतात. म्हणून गळ गोळ्याच्या पोटात खोल पुरायचे नसतात. दोन गळ चार-चार बोटांच्या मऊ दोऱ्यावर बाहेर मोकळे ठेवावेत, टोकाला हरभऱ्याएवढी पेंड. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, ०.३५ मिलिमीटरचा, शिसं ४० ग्रॅमचं आणि दोरीवर मोकळं सरकणारं, म्हणजे ओढताना माशाला वजन लागत नाही. मृगळ तळाला खातो, रोहू मधल्या थरात आणि तळाशी, कटला वरच्या. कटल्यासाठी शिसं काढून तरंग्याखाली तीन-चार फुटांवर गोळा सोडावा.

गाठ बांधताना पाच वेढे, आणि आवळण्याआधी थुंकीनं ओली करायची. कोरडा तंगूस घासून तापतो आणि तिथंच कच्चा पडतो. मासा सुटला तर दोरीचं टोक डोळ्यांजवळ धरून बघावं. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ निसटली. खरबरीत, पांढरट झालेलं असेल तर दगडावर घासलं, आणि मग मागचे दोन हात तंगूस कापून टाकायचा. रीलची पकड ताणकाट्यावर लावावी: दोरी ९ किलोचा ताण सोसणारी असेल तर अडीच किलोला रीलवरून सुटली पाहिजे. घट्ट ठेवली की पहिल्याच धावेला तुटते.

चिलापीची टोच टुकटुक, थांबून थांबून. रोहू एकदा टोक वाकवतो आणि मग दोरी पळवतो. कटल्याचा तरंगा हळूच आडवा होतो किंवा नुसता सरकतो. ताठ दोरी एकदम ढिली पडली तर मासा आपल्याकडं येतोय. आधी दोरी गुंडाळायची, मग ओढायचं. गोळा नाहीसा झाला आणि दोरीला फक्त खरखर जाणवली, तर खेकडे. जागा पाच-सात पावलं बदलावी.

मार्गशीर्ष-पौषात पाणी गार पडतं, माशाची पचनशक्ती मंदावते. पेंड निम्मी करावी आणि सकाळी अकरा ते चार एवढंच बसावं. याच सुमाराला रब्बीचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणाचं पाणी, सुटतं. पातळी रोज उतरत असली की मासा काठ सोडतो, मग वही उघडून जुन्या ओढ्याच्या पात्राची रेषा धरायची. कॅलेंडर बघून जागा ठरवणारे इथं फसतात, मी आधी पाण्याची काठावरची ओली रेघ बघतो.

उन्हाळ्यात मुद्दाम सांगण्यासारखं एक आहे. थंड देशांतला लेक ट्राउट उन्हाळ्यात गारव्यासाठी खोल जातो, आणि ते ऐकून आपल्याकडंही बरेच जण खोल गळ सोडतात. आपल्या धरणात वरचं तापलेलं पाणी खालच्या गार पाण्यात मिसळत नाही आणि तळाच्या कुजक्या गाळात ऑक्सिजन संपतो. मासा मधल्या थरात राहतो. पहाटे आणि दिवस मावळताना, वारा ज्या काठावर आदळतो तिथं टाकावं. वळवानंतर मासे वर येऊन तोंडं उघडत असतील तर ते खाण्यासाठी नव्हे, गुदमरल्यामुळं. काठी गुंडाळावी. चिलापीची परातीसारखी गोल घरटी काठच्या उथळ पाण्यात दिसतात, ती तुडवू नयेत.

सांगलीकडं, भिलवडी-औदुंबरच्या बाजूला कृष्णेवर बसणाऱ्यांनी मगरीचं भान ठेवावं. पाण्यात उभं राहून फेकू नये, कडेला वाकून मासा धुवू नये, आतडी तिथंच टाकू नयेत. पावसाळ्यात कोयना आणि धोममधून विसर्ग वाढल्याची सूचना आली की नदीकाठ सोडायचा. आपल्याकडं ऊन असलं तरी पाणी वरच्या पावसाचं येतं.

पुन्हा वैशाख आला की उघड्या बुंध्यांशी अडकलेली शिसं सापडतात. ती गोळा करतोच, पण तंगूसही तुकडान्तुकडा उचलतो, कारण बगळ्यांचे पाय त्यात गुरफटतात. मग त्या बुंध्याचं अंतर वहीत नव्यानं मोजून घेतो.