सोन्याची ढुशी

आषाढी चार दिवसांवर आली होती. गावातली निम्मी माणसं पंढरपूरच्या वाटेवर, उरलेली रानात. सकाळी आठच्या सुमाराला मी बर्फाचा डबा खांद्याला अडकवून ओढ्यापलीकडच्या वस्तीवर निघाले होते. आंत्रविषाराच्या लसीचा दुसरा डोस द्यायचा होता. पहिल्या डोसानंतर १४ ते २१ दिवसांत तो पडायलाच हवा. पावसाचा कोवळा चारा पोटभर खाल्लेली धट्टीकट्टी शेळी या रोगानं रातोरात मरते, म्हणून त्या तारखा मी चुकू देत नाही.

मी पशुसखी आहे. दक्षिण सोलापुरात, मंद्रूपच्या पुढं, सीना आणि भीमा एकमेकींच्या जवळ येतात त्या पट्ट्यात माझी गावं आहेत. जंताचं औषध, लसी, वाढलेली खुरं कापणं, लहान बोकडांची खच्ची, एवढं माझं काम. त्यापुढचं तालुक्याच्या डॉक्टरांचं.

वस्ती दिसायच्या आधी वास आला. मस्तीला आलेल्या बोकडाचा वास एकदा कपड्याला लागला की दोन धुण्यांत जात नाही. शिंगांच्या मुळामागं त्याच्या ग्रंथी असतात, शिवाय तो स्वतःच्या दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुतून घेतो. पाऊस पडला, हिरवं उगवलं, की शेळ्या माजावर येतात आणि बोकड असे घमघमतात. त्यात नवीन काही नव्हतं. पण वासापाठोपाठ आवाज आला, नाकातून जोरात फुसकारल्यासारखा, शिंकेसारखा. मग पोराचा.

"ताई, आत येऊ नका! सोन्या पिसाळलाय! आजी पडलीया!"

नऊ वर्षांचा नातू बैलगाडीवर चढून उभा होता. अंगणात गव्हाणीला पाठ टेकून आजी बसलेल्या, डावा पाय बाहेरच्या अंगाला वळलेला, नडगीवरनं रक्त. त्यांच्यापुढं तीन-चार हातांवर सोन्या. काळाभोर उस्मानाबादी, सोळा महिन्यांचा, चाळीसेक किलोचा. पाठीवरचे केस ब्रशासारखे ताठ उभे, हनुवटी छातीशी ओढलेली, शिंगं पुढं. आजी उठायला हात टेकत, की तो मागच्या दोन पायांवर उभा राही आणि अंग तिरकं करून खाली येई. माझ्यासमोर एक ढुशी गव्हाणीच्या कडेला बसली. दगडाचा जो आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे.

"आजी, उठू नका," मी फाटकातनंच ओरडले. "हलू नका. हात खाली ठेवा."

आत पळत जावं असंच वाटलं होतं. गेले नाही, कारण मग तिथं दोन बायका पडल्या असत्या. आधी बघितलं की त्याला नेमकं काय हवंय. त्याच्यामागं पाच हातांवर खुंट्याला एक पाट, म्हणजे तरणी शेळी, बांधली होती, शेपूट हलवत सारखी ओरडत होती. माजावर होती. आजी तिला पाणी ठेवायला गेल्या आणि बोकड आणि पाट यांच्या मधे आल्या, एवढंच घडलं होतं. तिच्यापासनं तो आजींना हुसकत होता.

तेवढ्यात आजींची सून रानातनं धावत आली, कमरेला खुरपं, हातात काठी. काठी मी आधी काढून घेतली. बोकडाच्या डोक्यावर मारून काही होत नाही. त्याच्या कवटीचं हाडच टकरी घेण्यासाठी घडलंय, आत हवेच्या पोकळ्या असतात. काठीचा फटका त्याला दुसऱ्या बोकडाची टक्कर वाटते आणि तो दुप्पट ईर्ष्येनं येतो. शिंगं धरून ढकललं तरी तेच.

ओसरीत बाज उभी करून ठेवली होती. ती आम्ही दोघींनी आडवी धरली, भिंतीसारखी, आणि पावलापावलानं सरकत गेलो. बोकडाला रुंद, सपाट काही पुढं आलं की शिंग कुठं लावावं ते समजत नाही. तरी त्यानं दोनदा धडक दिली. दुसऱ्या धडकेला सुनेचा हात सुटला, मी गुडघा लावून बाज पेलली. खुंट्याजवळ पोचल्यावर खुरप्यानं पाटीचं दावं कापलं आणि तिच्या मांडीवर थाप मारली. ती सरळ आपल्या रोजच्या वाड्यात पळाली. सोन्या तिच्यामागं. सुनेनं झोपाटा ओढून कडी घातली, तेव्हा कुठं पोरगं गाडीवरनं उतरून रडायला लागलं.

आजींना उचलून बाजेवर घ्यायला शेजारचे दोघं सरसावले होते. मी थांबवलं. पाय बाहेर वळलेला आणि दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. म्हाताऱ्या माणसात ही खूण म्हणजे खुब्याचं हाड. पायाच्या दोन्ही बाजूंना गोधड्यांच्या गुंडाळ्या लावल्या, नडगीची जखम साबण-पाण्यानं धुतली, १०८ ला फोन केला. गाडी येईपर्यंत आजी एकच विचारत होत्या, "त्येला मारलं न्हाई न्हवं?"

लोक मात्र पिसाळलाय, पिसाळलाय म्हणत जमले होते. कुणी गोळी घाला म्हणत होतं. ही शंका मी हसण्यावारी नेत नाही. कुत्रं चावलेली शेळी खरंच पिसाळते: लाळ गळते, आवाज बसतो, खाणंपिणं सुटतं, मागचे पाय लुळे पडतात, दिसेल त्यावर धावून जाते. म्हणून कुणालाही तोंडाजवळ हात नेऊ दिला नाही आणि तालुक्याच्या डॉक्टरांना बोलावलं. एका जागी गोल गोल फिरणं, मान एका बाजूला कलणं, अर्धा चेहरा लोंबणं असलं काही दिसलं असतं तर मेंदूचा दुसरा आजार. डॉक्टरांनी कुंपणाबाहेरनं तासभर बघितलं. सोन्या कडबा खात होता, पाणी पीत होता, पाटीजवळ जाऊन ओठ वर वळवून वास घेत होता, आवाज खणखणीत. गावात किंवा वस्तीवर कुत्रं चावल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. "निरोगी आहे," ते म्हणाले. "यात आजार काही नाही."

त्या वाक्यानं मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण मग याचं कारण कुठं आहे ते मला माहीत होतं.

सोळा महिन्यांपूर्वी त्याच अंगणात मीच उभी होते. शेळी व्याली, जुळी झाली, आणि दुसऱ्या दिवशी शेळी गेली. एक करडू लगेच मेलं, दुसरं नर. मीच आजींना बाटली आणून दिली, दूध किती कोमट करायचं, दिवसातनं किती वेळा पाजायचं, सगळं शिकवलं. करडू जगलं. माझ्या वहीत "जगले" असं लिहून मी खाली रेघ मारली. ते चुलीपाशी झोपायचं, आजींच्या मागं घरभर फिरायचं. नातू त्याच्या कपाळाला तळवा लावून ढकलायचा, ते मागं सरून पुन्हा यायचं. अडीच किलोचं करडू "टक्कर दे" म्हटलं की टक्कर द्यायचं. सगळे हसायचे. मीही हसले.

हा खेळ करडाच्या दृष्टीनं खेळ नाही. करडं कळपात अशाच टकरी घेऊन शिकतात की कोण मोठा, कुणापुढं मागं सरायचं. मोठ्या शेळ्या त्याला ढुश्या देऊन जागा दाखवतात. सोन्याला ते दाखवणारं कुणी नव्हतं. त्याच्या लेखी आजी, सून, नातू हाच कळप होता, आणि त्या कळपात कपाळ लावलं की समोरचा हसून मागं सरतो, हे तो रोज शिकत होता. आईखाली वाढलेला बोकड मस्तीला आला तरी बहुधा माणसापासनं अंतर राखतो, कारण माणूस त्याला परका असतो. बाटलीवरच्या बोकडाला माणूस परका नसतो, बरोबरीचा असतो. आणि माज चढला की बरोबरीच्यालाच टक्कर द्यायची असते.

बोकड चार-पाच महिन्यांत वयात येतो. खच्ची करायचा बर्डिझो चिमटा लावायचा तर दोन-तीन महिन्यांचा असतानाच लावावा. पण त्या वस्तीवर दुसरा बोकड नव्हता, शेळ्या फळवायला लांब न्यावं लागायचं, म्हणून घरच्यांनी ठेवला. ते चूक नव्हतं. चूक संक्रांतीला झाली. वाण द्यायला गेले तेव्हा आजी म्हणाल्या, "ताई, सोन्या मांड्याला ढुशी देतोय गं. वाकलं की पाठीवर पाय टाकतोय." मी म्हणाले, "लाडावलाय, आजी." तेव्हाच सांगायला हवं होतं की आता त्याला दाव्याशिवाय सोडू नका, त्याच्याकडं पाठ करून वाकू नका, पोराला वाड्यात एकटं पाठवू नका. हे सगळं मला येत होतं. लाडक्या जनावराबद्दल कडू बोलायला जीभ वळली नाही.

आजी पडल्यानंतर मी वस्त्या-वस्त्यांवर हे सांगत फिरते, आणि करून दाखवते. एडका मागं सरतो आणि धावत येतो. बोकड मागच्या पायांवर उभा राहतो. तो उभा राहतो तो क्षण आपला असतो. त्या क्षणी मागं हटायचं नाही, बाजूला व्हायचं, कारण खाली येताना त्याला वळता येत नाही. मग गळ्यातला पट्टा किंवा दाढी धरायची आणि पुढचा एक पाय उचलायचा. तीन पायांवर त्याला जोर लावता येत नाही. धरायला जमत नसेल तर त्याच्याकडं तोंड ठेवून, गाडी किंवा झाडाची आड घेत निघायचं. पळायचं नाही. मागनं चोरपावलांनी जाण्यात अर्थ नाही, आडव्या बाहुलीमुळं त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. माजावरची शेळी त्याच्यासमोर बांधायची नाही, दाणा हातानं चारायचा नाही, टोपलीत टाकून बाहेर यायचं. नुकत्याच व्यालेल्या शेळीच्या आणि तिच्या पिलाच्या मधे जायचं नाही, ती एरवी कितीही गरीब असली तरी. लहान मुलांबद्दल मी कुणाशीच तडजोड करत नाही. शिंगाचं टोक मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर असतं.

आणि खाजवायचं तर गळ्याखाली. कपाळाला हात नाही.

आजींचं सोलापुरात ऑपरेशन झालं. पंढरपूरहून परतलेल्या मुलानं सोन्याचं काय करायचं ते मला विचारलं. या वयात खच्ची केली तर मस्ती उतरेल, पण माणसाला ढुशी द्यायची लागलेली सवय जाईलच याची खात्री मी देऊ शकत नव्हते. डॉक्टरही देत नव्हते. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात पैदाशीचा म्हणून चांगला दाम आला असता. पण घेणाऱ्याच्या घरीही पोरं असणार, आणि बाजारात खरं कोण सांगतं? मी मुलाला म्हणाले, विकायचा तर पैदाशीला विकू नका. आखाडात गिऱ्हाइकाला तोटा नसतो. तिसऱ्या दिवशी सोन्या गेला.

आजींना आठ दिवस सांगितलं नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मलाच विचारलं आणि मी खोटं बोलले नाही. त्या काही बोलल्या नाहीत. वॉकरवर ठेवलेला माझा हात त्यांनी बाजूला केला आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या. पुढं महिनाभर मी गेले की सून चहा द्यायची, आजी आत असायच्या.

माझ्या वहीत आता एक रकाना वाढवलाय: "बाटलीवरचे नर". तसं करडू असलं की दुसऱ्या शेळीखाली लावता येतं का ते आधी बघते. नाही जमलं तर करडू दाव्याला बांधून बाटली पाजायची, माणसानं मांडीवर घेऊन नाही, आणि पहिल्या आठवड्यापासनं इतर करडांत सोडायचं. सध्या त्या रकान्यात तीन आहेत. दोघांना चिमटा लावून झाला. तिसरं आजींच्याच वस्तीवरचं, गेल्या महिन्यात त्यांनी स्वतः फोन करून कळवलं. दोन महिन्यांचं झालंय. मंगळवारी जाणार आहे.